बाळ ओलांडायचं राहिलं

त्या दिवशी मी खाली पोर्ट ॲलिसला निघालो होतो ते कोंबड्यांचं खाद्य आणायला. मंगळवार, अकरा मार्च. वेळही सांगतो, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं, कारण टॅक्सीतल्या रेडिओवर बातम्या संपून हवामान लागलं होतं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. चर्चच्या वळणावर मर्डीना उभी दिसली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने बहिणीचा दंड धरलेला.

"मास लिन, तुमच्या कोंबड्या थांबतील," ती म्हणाली. "हिचं बाळ थांबायचं नाही."

मी दार उघडलं.

जेव्हॉन, तो कंदील जरा बारीक कर. वीज काही आता येत नाही, आणि रॉकेल मला सकाळपर्यंत पुरवायचंय. आणि काय चेष्टा करायची ती आत्ताच उरकून घे. मधेच नको.

काय म्हणालीस, तामोया? गोष्ट खरी की भुताची? भुताची म्हणजे खोटी, हे तुला कोणी शिकवलं? नर्सिंगच्या शाळेत? शाळा सप्टेंबरात आहे होय. मग अजून वेळ आहे. ऐक.

मर्डीना तेव्हा सदतीस वर्षांची, शर्नेट चोवीस. सख्ख्या बहिणी. आई गेली तेव्हा शर्नेट अकरा वर्षांची होती. तिची शाळा, तिचे बूट, तिचा ताप, सगळं मर्डीनाने काढलं. मोठी झाल्यावर शर्नेट गावातल्या पोरींच्या वेण्या घालायची, आणि वेणी संपली की टोक ओठांत धरून ओलं करायची. मर्डीनाला स्वतःला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट रिकामं झालं. तिसऱ्या वेळी तर सहावा महिना होता. त्यानंतर तिचा नवरा कामासाठी किंग्स्टनला गेला तो तिथलाच झाला. आणि शर्नेटचा डाल्टन? तो कॅनडात सफरचंदं तोडायला जातो, वर्षातले आठ महिने. मागच्या वर्षी मधेच सहा आठवडे घरी आला होता. तेवढ्यात हिला दिवस राहिले.

गावात हसत होते सगळे. मर्डीना पण म्हणायची, "काही जणींना पुरुषाची खुंटीवरची टोपी बघून दिवस जातात." बायका खो-खो हसायच्या. मर्डीना हसायची नाही. बाळासाठी झबली शिवायला मात्र तीच बसली होती. ओसरीवर बसून शिवायची, आणि टाका संपला की दोरा दातांनी असा तोडायची की मला रस्त्यावरून ऐकू यायचं.

हा झाला आधीचा भाग. आता हॉस्पिटल.

सहाला पोचलो. बायकांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोघी दोघी. चष्म्याला साखळी लावलेली एक नर्स टेबलाशी बसली होती. तिने शर्नेटकडे पाहिलंच नाही, पिशवीकडे पाहिलं. "चादर आणलीय? पॅड? साबण? हातमोजे?" मर्डीनाने एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. सगळं होतं. नर्सला बहुधा काही तरी कमी निघायला हवं होतं. ती म्हणाली, "साबण बारका आहे."

दहाच्या सुमाराला कळा वाढल्या. शर्नेट ओरडायला लागली. मी बाहेर व्हरांड्यात होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. नर्स म्हणाली, "करताना ओरडली होतीस का? मग आता कशाला गाव गोळा करतेस?"

हसू नकोस, जेव्हॉन. तुझ्या आईलाही हेच ऐकवलं होतं. विचार तिला घरी जाऊन.

खाद्याचं दुकान तर कधीच बंद झालं होतं. रात्री पुन्हा घाट चढण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गाडीतच झोपलो. पुढचं मर्डीनाने मला सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा शब्द तेच होते. म्हणून मी तसंच सांगतो.

एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. नर्सने ती गुंडाळून मर्डीनाच्या हातात दिली. "बाहेर बाकावर बस. इथे गर्दी नको." मर्डीना बसली. दार अर्धं उघडं होतं. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"मर्डी... मला खाली ओलं ओलं वाटतंय गं."

मर्डीना उठून आत गेली. चादर उचलून पाहिली. मग बाळाला छातीशी धरून टेबलापाशी गेली. "नर्स, फार रक्त जातंय तिचं."

"बाळंतीण आहे, रक्त जाणारच."

"पण गादीखाली थेंब पडताहेत."

नर्सने मान वर केली. "तू कुठे शिकलीस हे? तुला किती मुलं आहेत?"

बस. एवढंच विचारलं तिने. तुला किती मुलं आहेत. आणि मर्डीनाने पाठ फिरवली. ती परत येऊन बाकावर बसली.

पुन्हा हाक आली. "मर्डी..."

तेवढ्यात बाळाने तिचं बोट धरलं होतं. नुकतंच जन्मलेलं पोर, पण पकड अशी की सोडवेना. मर्डीना त्या बोटाकडे बघत राहिली. उठली नाही. तिसरी हाक आली नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी फरशी पुसणारी बाई बादली घेऊन आत गेली आणि किंचाळली. मग सगळे धावले. डॉक्टरला आवारातल्याच घरून बोलावला. रक्त शोधलं, ते नव्हतं. दोन पन्नासला डॉक्टरने हात खाली टाकले.

एप्रिलमध्ये चौकशी झाली. मी गाडी चालवली म्हणून मलाही बोलावलं होतं. तिथे ती फाइल माझ्यासमोर टेबलावर पडली होती. दर पंधरा मिनिटांनी तपासल्याच्या नोंदी. सगळ्या एका पेनने, एका दमात लिहिलेल्या, एकीचं अक्षर दुसरीसारखं. शेवटची नोंद तीन वाजताची. 'रुग्णाला आराम वाटतो.' तीन वाजता, तामोया. तोपर्यंत तिच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली होती.

पुढे काय झालं म्हणतेस? पुढे एक पत्र आलं. खेद वाटतो म्हणून. त्या नर्सची बदली झाली, दुसऱ्या कुठल्या वॉर्डात.

आता नीट ऐका. मर्डीना दुसऱ्या हाकेला उठली नाही, म्हणून बहीण गेली असं मी म्हणत नाही. उठून पाहण्याचा पगार ज्यांना मिळत होता, दोष त्यांचा. पण हे मनाला समजावायला गेलं तर मन ऐकतं का? आणि मर्डीनाच्या मनात आधीपासून काय होतं ते तिचं तिला माहीत होतं.

अंत्यविधी शनिवारी, एकोणतीस मार्चला. डाल्टनला रजा मिळाली नाही, त्याने फोनवर रडून घेतलं. अंगणात नीरफणसाखाली आईच्या थडग्याशेजारी शर्नेटचं थडगं बांधून तयार होतं. शवपेटी दोन बाकांवर ठेवली होती. पेटीच्या पलीकडे मिस आयोनी येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

मिस आयोनी एक्याऐंशीची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. जेव्हॉन, तूसुद्धा, पायाळू आलास आणि त्या बाईला घामाघूम केलंस. पुढे आरोग्य खात्याने तिला सांगितलं, घरी बाळंतपणं करायची नाहीत, सगळ्या बायका हॉस्पिटलात पाठवायच्या. तिने पाठवल्या.

"आण पोर," ती म्हणाली.

मर्डीना दारात उभी होती. "तिला ताप आहे."

"तापाने फणफणली असली तरी आण. आई गेलीय. आईला पोर दाखवायचं, नाव घेऊन सांगायचं, तीनदा पेटीवरून पलीकडे द्यायचं. नाही तर ती शोधत येते."

तुलाही दिलं होतं ना, तामोया? आजोबांच्या पेटीवरून? पाच वर्षांची होतीस आणि लाथा झाडत होतीस. मी होतो तिथे. पण मग आजोबा कधी आले का तुझ्या उशाशी? नाही ना?

"मर्डीना, लोक उभे आहेत," मिस आयोनी म्हणाली.

"नाही म्हणजे नाही," असं म्हणून मर्डीना आत गेली आणि तिने दार लावलं.

ताप वगैरे काही नव्हता. ती मला नंतर म्हणाली, "मास लिन, 'शर्नेट, ही तुझी मुलगी' एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर. ते माझ्या जिभेवर येईना. सतरा दिवस ती माझी होती. रात्री मी उठत होते, लंगोट मी बदलत होते. आणि सगळं गाव उभं करून मीच सांगायचं की ही तुझी?"

मिस आयोनीने हात खाली घेतले. "याला दोघी लागतात," ती म्हणाली. "एक देणारी, एक घेणारी. मी घ्यायला उभी होते. देणारी आली नाही, हे सगळ्यांनी पाहून ठेवा." मग माणसांनी पेटी आत सरकवली, वर सिमेंट ओतलं, आणि सगळे राजमा-भात आणि बकऱ्याचं सूप घ्यायला वळले.

पहिला आठवडा काही नाही.

मग बाळ बाटली घेईनासं झालं. मर्डीनाने दूध बदललं, बाटलीचं निपल बदललं, चमच्याने पाजून पाहिलं. पोर ओठ मिटून मान फिरवायचं. रात्री भरून ठेवलेली बाटली सकाळी भरलेलीच. आणि तरीही पोर वाढत होतं. नुसतं वाढत नव्हतं, बाळसं धरत होतं. हाताला वळ्या, गालाला खळ्या. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा तिथली बाई म्हणाली, "काय पाजतेस गं हिला? जरा या बाकीच्यांना पण सांग."

"डब्यातलं दूध," मर्डीना म्हणाली. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या आयांना तिचा हेवा वाटत होता. आणि तिला घरी जाऊन ती भरलेली बाटली मोरीत ओतायची होती.

त्या रात्री ती झोपली नाही. अंधारात पडून राहिली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाळण्यातून आवाज आला.

घुटका. मग दुसरा. सावकाश, पोटभर दूध पिणाऱ्या पोराचा.

तिने टॉर्च लावली. पाळण्यात बाळ एकटंच. डोळे मिटलेले. ओठ हलताहेत. आणि ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब, पांढरा, ताजा.

"मास लिन," ती मला म्हणाली, "मला भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. माझ्या पोटात आग पडली. मला वाटलं, मेली तरी हिचंच! मी जागते, मी धुते, मी कडेवर घेऊन येरझाऱ्या घालते, आणि पोर पिणार हिचं."

भुताचा मत्सर करणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. ती त्या बहिणीशी भांडायला लागली. ती जवळ येऊ नये म्हणून पाळण्यात बायबल उघडं ठेवलं, शिंप्याची मापाची फीत ठेवली, कात्री ठेवली. बाळाच्या तळपायांना नीळ फासली. मी एकदा रात्री उशिरा गाडी घेऊन परतत होतो तेव्हा तिच्या खिडकीतून आवाज ऐकला. मला वाटलं, फोनवर बोलतेय. म्हणत होती, "तुला सगळं पहिल्यांदा मिळालं. आईचा लाड तुला. नवरा तुला, तोही टिकणारा. मला एक दे. एकच. तुझी माती घे, तुझी पेटी घे, आणि हिला सोड."

फोन नव्हता तो.

मे महिन्यात तिने बाळाला स्वतःच्या खाटेवर घेतलं. कुशीत. दोन्ही हातांनी विळखा घालून झोपायची. मग एका रात्री जाग आली. घुटके चालू होते. तिने विळखा आणखी घट्ट केला. आणि तिला जाणवलं... तिच्या दोन हातांच्या आत आणखी एक हात होता. थंड नव्हता म्हणाली. कोमट होता. बाळंतिणीच्या अंगासारखा.

तिने सोडलं नाही. त्या हातानेही सोडलं नाही. पहाटेपर्यंत.

काय, तामोया? नको असेल तर थांबतो. ... बरं. जवळ सरक.

जूनपर्यंत पोर दिवसभर झोपायला लागलं. जागं झालं तरी मर्डीनाकडे बघायचं नाही. तिच्या खांद्यावरून मागे बघायचं आणि हसायचं. मर्डीना वळून बघायची. मागे काही नाही. एकदा तिने त्या पोराची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे फिरवलं. "माझ्याकडे बघ," म्हणाली. "मी आहे इथे. मी." पोराने डोळे मिटून घेतले.

रविवारी, बावीस जूनला, चर्च सुटल्यावर मिस आयोनी तिच्या अंगणात आली. मार्चनंतर पहिल्यांदाच. न विचारता आत गेली, पोराचे मोजे काढले, तळवे हातात धरले.

"गार आहेत," ती म्हणाली. "किती दिवस?"

"आठवडाभर."

"बाटली घेते?"

मर्डीना मोज्यांची घडी घालत राहिली.

"मला वाटलंच. मेलेलीच्या अंगावर पिणारं पोर दिसायला गुटगुटीत दिसतं गं. वजन भरतं. पण ते हळूहळू तिकडचं होतं, आणि एका सकाळी उठत नाही. तिला ते न्यायचं नाहीये, मर्डीना. तिला पाजायचंय फक्त. तिला कोणी सांगितलंच नाही की आता पुरे."

"मग मी काय करू?"

"तेव्हा नाही केलंस ते कर. पेटी आता नाही, पण थडगं आहे. मी उद्या उजाडता येते. तू दे, मी पलीकडून घेते."

मर्डीना हो म्हणाली. मिस आयोनीला तिने कारल्याच्या वेलीचा काढा करून दिला, दारापर्यंत सोडलं.

आणि ती रात्र.

रविवारची रात्र, म्हणजे सोमवार तेवीस जूनची पहाट. अमावास्येला दोन दिवस होते. वारा नव्हता. दोन चाळीसला मर्डीना जागी होती, घड्याळ हातात घेऊन.

घुटक्याचा आवाज आला नाही.

दोन एक्केचाळीस. दोन बेचाळीस.

तिने बाळाला हात लावला. पाय गार. पोट गार. छाती... छाती हलत होती, पण इतकी हळू की दोन श्वासांच्या मधे ती देवाचं नाव घ्यायची, आणि ते पूर्ण म्हणून व्हायचं.

सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. मिस आयोनीचं घर टेकडीच्या वर, अर्ध्या तासाची वाट. तिने बाळाला टोपडं घातलं, हनुवटीखाली दुहेरी गाठ मारली, शालीत गुंडाळलं, आणि अनवाणी अंगणात गेली. ओसरीच्या दिव्याचा उजेड नीरफणसापर्यंत पोचत नाही. थडगं कमरेइतकं उंच. सिमेंट दिवसभर तापलेलं, अजून कोमट.

ती अलीकडे उभी राहिली. पलीकडे अंधार.

देणारी होती. घेणारं कोणी नव्हतं.

तिने हात पुढे केले. बाळ थडग्यावर धरलं. म्हणाली, "शर्नेट..."

पुढचे शब्द येईनात. मार्चमध्ये आले नव्हते, आताही येईनात. तिने डोळे मिटले.

"शर्नेट. ही तुझी मुलगी."

हातातलं वजन गेलं.

पडलं नाही. घसरलं नाही. कोणी अलगद उचलून घेतं तसं... गेलं.

तिने डोळे उघडले नाहीत. हात तसेच पुढे. किती वेळ कोण जाणे. मग तिच्या तळहातांवर पुन्हा वजन आलं. शाल. टोपडं. बाळ.

एक.

"ही तुझी मुलगी."

वजन गेलं. परत आलं.

दोन.

"ही तुझी मुलगी, शर्नेट."

वजन गेलं.

आणि आलं नाही.

तिने वाट पाहिली. हात दुखायला लागले. तिने डोळे उघडले. काळोख. "शर्नेट?" ती थडग्याला चाचपत पलीकडे गेली.

पलीकडे कोणी नव्हतं. गवत होतं. बाळ नव्हतं.

ती ओरडली नाही. परत फिरून अलीकडे आली, देणारीच्या जागेवर, आणि थडग्यावर दोन्ही हात टेकले. आणि बोलली. हे जे ती बोलली ते ती मला सांगताना प्रत्येक वेळी जमिनीकडे बघायची.

"तू दोनदा हाक मारलीस. पहिल्यांदा मला नर्सने गप्प केलं. दुसऱ्यांदा मी आपणहून गप्प बसले. ऐकलं होतं मी. बाळाने बोट धरलं होतं, आणि मला वाटलं, एवढा वेळ तरी ही माझी असू दे. पाच मिनिटं. मी उठले असते तरी तिने मला हाकललं असतं, असं मी रोज स्वतःला सांगते. हाकललं असतं तर हाकललं असतं. मी उठायला हवं होतं. मी तुझ्यावर जळत होते, शर्नेट. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून. ही तुझी आहे. मोठी झाली की मी तिला सांगेन. रोज सांगेन. मला आई म्हणाली नाही तरी चालेल. पण तिला गार करू नकोस. माझ्या रागापायी तिला नेऊ नकोस."

मग शांतता.

बेडूक थांबले होते. कुत्रं नाही. काही नाही.

त्या शांततेत तिला आवाज आला. पलीकडून. बाळाची बारीक कुरकुर. दुखलं म्हणून नव्हे. कोणी तरी काही तरी करतंय, पोराला ते आवडत नाही, पण चाललंय... अशी.

कुरकुर. थांबली. पुन्हा कुरकुर.

पुष्कळ वेळ. ती म्हणते, अर्धा तास. मी नाही म्हणत नाही.

मग तिच्या पसरलेल्या हातांवर वजन आलं. गरम.

आणि पोराने टाहो फोडला. असा की मी माझ्या घरात जागा झालो, मधे दोन परसं असून. घड्याळ बघितलं, तीन वाजून पस्तीस. टॉर्च घेऊन मी पळत गेलो तर ही बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, आणि पोर बाटली ओढतंय. ओढतंय म्हणजे, मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हतं. एक संपवली, दुसरी मागितली. पाय पाहिले, ऊनऊन. मर्डीना वर बघत नव्हती. रडत होती, आणि बाळ पिता पिता तिच्याकडे बघत होतं. थेट तिच्या तोंडाकडे.

उजाडता मिस आयोनी आली. मी सगळं सांगायला लागलो तर तिने हाताने गप्प केलं. पोर मांडीवर घेतलं, कानामागे बोट लावून पाहिलं, आणि म्हणाली, "घाम आलाय हिला. टोपडं काढ."

मर्डीना म्हणाली, "गाठ मीच मारलीय, दुहेरी. थांबा." आणि तिने नखांनी ती गाठ सोडवली. तिचीच गाठ होती, तशीच्या तशी. सुटायला वेळ लागला. मी बघत होतो.

टोपडं निघालं.

तीन महिन्यांच्या पोराचे केस केवढे असतात, तामोया? लव असते. चिमटीत यायची नाही. मिस आयोनीने एक्याऐंशी वर्षांत असं पाहिलं नव्हतं. नंतर गावातल्या बायकांनी आपापल्या तान्ह्यांवर करून पाहिलं, एकीलाही जमलं नाही.

त्या डोक्यावर वेण्या होत्या. कपाळापासून मानेपर्यंत, डोक्याला चिकटून घातलेल्या, मधले भांग दोऱ्यासारखे सरळ. मी मोजल्या. अकरा. मिस आयोनीने एका वेणीच्या शेवटाला बोट लावलं आणि बोट आमच्यापुढे धरलं.

टोकं अजून ओली होती.